तडीपारीची नोटीस आणि मुखिया लुथुली



आपल्या तीन कार्यकर्त्यांना तडीपारीच्या नोटिसा आल्या आहेत, हे आता सगळ्या पाड्यांना माहीत आहे. नोटिसा बरोबर पेरणीच्या तोंडावर आल्या. फॉरेस्ट प्लॉटवर या साली कोण नांगर घालतो आणि कोण घरी बसतो, याच्यावर सावकाराचा डोळा आहे आणि जंगलखात्याचाही. पण आज मला नोटिशीबद्दल कमी लिहायचं आहे. नोटीस आल्यावर आपण आपसात काय बोललो, त्याबद्दल जास्त लिहायचं आहे.

तिघांपैकी एक दादा ख्रिस्ती आहेत. आपल्याच पाड्यातले, आदिवासीच. रविवारी चर्चला जातात, सोमवारी मोर्चाला येतात. त्यांच्याबद्दल दोन बाजूंनी बोललं जातं. सावकाराची माणसं बाजारात सांगतात, "हा मिशनऱ्यांचा माणूस, जमिनीचं नाव पुढे करून बाटवायला निघालाय." या बोलण्याला आपलं उत्तर साधं आहे. ज्यांना जमीन परत मिळाली त्यांचे सातबारे बघा आणि त्यांच्या घरातले देव बघा. कुणाचा देव बदलला? पण दुसरं बोलणं आपल्याच पोरांचं आहे. ती बोलतात, "दादा ढिला पडला. नोटीस आली तरी आवाज चढत नाही. ख्रिस्ती माणूस, एका गालावर मारलं की दुसरा गाल पुढे करणार." हे बोलणं घरातलं आहे म्हणून जास्त लागतं, आणि म्हणूनच त्याच्यावर लिहिते.

मी ख्रिस्ती नाही. आमच्या घरी हिरवा देव आणि वाघदेव. त्यामुळे कुणाच्या धर्माची वकिली करते आहे असं समजू नका. माझं म्हणणं इतकंच की शांत राहणं वेगळं आणि गप्प बसणं वेगळं. दबाव आला तरी जो पुढारी डोकं ठिकाणावर ठेवतो, त्याला लगेच ढिला म्हणू नये. हे मी दक्षिण आफ्रिकेतल्या एका माणसाची गोष्ट सांगून मांडते. शिबिरात त्यांचं नाव पहिल्यांदा ऐकलं, मग मिळेल ते वाचलं. नाव अल्बर्ट लुथुली. झुलू लोकांतले एक मुखिया, शाळेतले मास्तर, ऊस लावणारे शेतकरी, आणि पक्के ख्रिस्ती.

आधी जमिनीचं

तिथलं भांडण मुळात जमिनीचंच. 1913 साली गोऱ्या सरकारने कायदा केला. देशात काळ्या लोकांची वस्ती दोन तृतीयांशाच्या आसपास, आणि त्यांच्यासाठी राखलेली जमीन शंभरातली सात एकर. 1936 साली दुसरा कायदा करून ती तेरा एकरांच्या आसपास न्यायचं ठरलं. त्या रेघेबाहेर काळ्या माणसाने जमीन विकत घ्यायची नाही. आपल्याकडे आदिवासीची जमीन बिगर आदिवासीकडे जाऊ नये म्हणून कायदे आहेत आणि तरी ती जाते. तिथे तर जमीन काढून घेणं हाच कायदा होता. शिवाय काळ्या माणसाने शहरात पाय ठेवायचा तर खिशात पास पाहिजे. पास नसला तर तुरुंग.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. ज्यांनी हे कायदे केले तेही ख्रिस्तीच. रविवारी चर्चला जाणारे, घरात बायबल ठेवणारे. त्यांचं मोठं चर्च तर वर्णभेदाला देवाचा आधार आहे म्हणून सांगत होतं. म्हणजे एकच पुस्तक हातात घेऊन एक जण जमीन घेत होता आणि एक जण जमीन मागत होता. माणूस कुठल्या धर्माचा हे विचारून तो कुणाच्या बाजूचा ते कळत नाही. आपल्याकडेही सावकार देवळाला देणगी देतो, म्हणून काय व्याज कमी घेतो?

मास्तर ते मुखिया

लुथुलींचा जन्म 1898 च्या सुमाराचा. वडील लहानपणीच गेले. नाताळ प्रांतात ग्राऊटव्हिल नावाचं मिशनचं गाव आहे, तिथे आईने कष्ट करून त्यांना शिकवलं. पुढे अ‍ॅडम्स कॉलेजात ते मास्तर झाले आणि पंधरा वर्षं तिथे राहिले. पगार बरा होता. मग गावाने त्यांना मुखिया म्हणून बोलावलं. मुखियाचा पगार मास्तरच्या पगारापेक्षा कमी. विचार करायला त्यांनी वेळ घेतला, पण शेवटी गेले. 1936 पासून सतरा वर्षं त्यांनी हे काम केलं. भावाभावांची भांडणं, बांधाच्या तक्रारी, ऊस लावणाऱ्या लहान शेतकऱ्यांची संघटना, सगळं बसून ऐकायचं आणि निवाडा करायचा.

मला वाटतं शांतपणा ते इथे शिकले. देवळात किंवा पुस्तकात माणूस जेवढा शांतपणा शिकतो, त्यापेक्षा जास्त तो दुसऱ्याची भांडणं ऐकताना शिकतो. दोन्ही बाजू ओरडत असताना मधे बसणाऱ्याने ओरडून चालत नाही.

त्यांचा आपल्या देशाशीही संबंध आला. 1938 साली मद्रासजवळ तांबरमला जगभरच्या ख्रिस्ती लोकांची परिषद झाली, तिला ते आले होते. आणि गांधीजींचा फिनिक्स आश्रम होता तोही याच नाताळ प्रांतात.

निवड कर म्हणाले

1952 सालच्या जूनमध्ये आफ्रिकन नॅशनल काँग्रेस आणि तिथल्या हिंदी लोकांची काँग्रेस यांनी मिळून सत्याग्रह केला. पासाचे आणि वर्णभेदाचे कायदे जाणून मोडायचे आणि तुरुंगात जायचं. काही महिन्यांत आठ हजारांवर माणसं आत गेली. लुथुली तेव्हा नाताळमधल्या काँग्रेसचे अध्यक्ष होते. सरकारने त्यांना बोलावून सांगितलं, मुखियापद ठेव नाहीतर काँग्रेस ठेव, दोन्ही चालणार नाही. विचार करायला थोडे दिवस दिले.

इथे आपली पोरं म्हणतील, जोरात भाषण ठोकलं असेल. तसं काही केलं नाही. त्यांनी कळवलं की मी दोन्हीपैकी काहीच सोडत नाही. लोकांनी मुखिया केलं, लोकांच्या कामासाठीच काँग्रेसमध्ये आहे, यात भांडण कुठे आहे? नोव्हेंबरात सरकारने त्यांना पदावरून काढलं.

त्यानंतर त्यांनी एक पत्रक काढलं. त्यात सरकारला शिव्या नाहीत. इतकी वर्षं नेमस्तपणे सरकारचं दार ठोठावलं आणि दार उघडलं नाही, हा हिशोब आहे. आणि पुढे आपलं काय होऊ शकतं त्याची यादी आहे. टिंगल होईल, तुरुंग होईल, हद्दपारी होईल, फटके बसतील, मरणही येईल. स्वातंत्र्याच्या वाटेवर क्रूस लागणारच, असा सगळा सूर आहे.

माझ्या मते त्यांच्या धर्माचा उपयोग झाला तो इथे. ख्रिस्ती माणसासाठी क्रूस म्हणजे आधीच माहीत असलेली किंमत. लुथुलींनी किंमत मोजून ठेवली होती. नोटीस हातात पडल्यावर "आता काय करू" असा प्रश्न पडायला जागाच ठेवली नव्हती. जो माणूस काय सोडायचं आणि काय नाही हे आधी ठरवतो, त्याला आयत्या वेळी ओरडावं लागत नाही. ज्याने काही ठरवलेलं नसतं तो एकतर ओरडतो नाहीतर पळतो.

पदावरून काढलं त्याच्या पुढच्याच महिन्यात काँग्रेसने त्यांना सगळ्या देशाचा अध्यक्ष केलं. आणि गावातले लोक? ते मरेपर्यंत त्यांना मुखियाच म्हणत राहिले. सरकारी कागदावरून नाव गेलं, लोकांच्या तोंडातून गेलं नाही.

तडीपारी त्यांनाही होती

मग सुरू झाले बंदीहुकूम. आपल्याकडे तडीपार करतात म्हणजे तालुक्याबाहेर, जिल्ह्याबाहेर घालवतात. लुथुलींचं उलटं केलं, आपल्याच भागाबाहेर पाऊल टाकायचं नाही. सभा घ्यायची नाही, सभेला जायचं नाही. 1953 साली एक हुकूम. तो संपला तेव्हा 1954 मध्ये ते जोहान्सबर्गला निघाले, कारण सोफियाटाऊन नावाच्या वस्तीतून काळ्या लोकांना उठवणार होते. विमानातून उतरताच नवा हुकूम हातात दिला, दोन वर्षांचा. ते परत गावी आले. ज्या सभेला जायचं होतं तिथे त्यांचा निरोप गेला, माणूस जाऊ शकला नाही. 1955 साली देशभरच्या लोकांनी आपल्या हक्कांची सनद मंजूर केली, तेव्हाही अध्यक्ष घरीच अडकलेले.

1956 च्या डिसेंबरात पहाटे पोलिस आले आणि देशद्रोहाच्या आरोपाखाली 156 जणांना देशभरातून उचललं. त्यात लुथुली होते, मंडेला होते, काळे, गोरे, हिंदी, कम्युनिस्ट, पाद्री, सगळे होते. वर्षभराने लुथुलींवरचा आरोप मागे घेतला. बाकीच्यांचा खटला 1961 पर्यंत चालला आणि शेवटी सगळे सुटले. म्हणजे चार वर्षं कोर्टात चकरा, आणि निकाल काय तर आरोप टिकत नाही. खोट्या केसमध्ये शिक्षा निकालाने होत नाही, तारखांनी होते. हे आपल्या लोकांना मी वेगळं सांगायला नको.

1958 साली प्रिटोरियात ते भाषणाला उभे राहिले असताना गोऱ्या तरुणांची टोळी व्यासपीठावर चढली. त्यांना खाली पाडलं, मारलं. टोळीला बाहेर काढल्यावर लुथुली उठले आणि भाषण पुरं केलं. गाल पुढे करणं म्हणजे काय, ते आपल्या पोरांनी इथे बघावं. मार खाल्ला खरा, पण जे बोलायला आले होते त्यातलं एक वाक्य कमी केलं नाही.

1960 च्या 21 मार्चला शार्पव्हिलला पासविरोधी लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. 69 माणसं मेली. अशा वेळी पुढाऱ्याने काय करायचं? लोक चिडलेले, हातात दगड. लुथुलींनी स्वतःचा पास सगळ्यांसमोर जाळला आणि 28 मार्चला शोकदिन सांगितला. कामावर जायचं नाही, घरी बसायचं. देशातले लाखो काळे मजूर कामावर गेले नाहीत तर कारखाने चालत नाहीत, हे सरकारला त्या दिवशी कळलं. संताप होता तो वाया घालवला नाही, त्याला कामाला लावलं. दोन दिवसांत त्यांना पकडलं. तुरुंगात त्यांना मारहाण झाली. तेव्हा ते आजारी होते.

शांतपणाची किंमत कोण देतो

आता जी गोष्ट पुढारी लोकांच्या गोष्टीत कुणी सांगत नाही ती सांगते. हा शांतपणा फुकट आला नाही. 1955 साली रक्तदाब वाढून त्यांना झटका आला होता. मनात साठवलेलं शरीरावर निघतं. शांत दिसणाऱ्या माणसाला काही होत नाही असं समजून आपण त्याच्या डोक्यावर आणखी ओझं ठेवतो.

आणि दुसरी गोष्ट. सरकारी पगार बंद झाल्यावर घर कुणी चालवलं? नोकुखान्या लुथुलींनी. त्या स्वतः मास्तरीण होत्या. सात लेकरं, उसाचं आणि भाजीचं रान, सगळं त्यांच्या अंगावर. पहाटे उठून शेतात जायच्या. मुखिया लुथुली न डगमगता उभे राहिले असं आपण म्हणतो, तेव्हा त्यांच्या पायाखाली ही बाई राबत होती हे विसरू नये. आपल्या तीन कार्यकर्त्यांच्या घरीही बाया आहेत. त्यांचं नाव नोटिशीत नसतं, पण नोटीस त्यांनाच आधी लागते.

शांत राहून काय मिळालं?

हा प्रश्न पोरं विचारणार, आणि तो बरोबर आहे. 1961 साली लुथुलींना नोबेलचं शांततेचं बक्षीस मिळालं, 1960 सालचं. आफ्रिका खंडात ते मिळालेले ते पहिले. सरकारने थोड्या दिवसांची परवानगी दिली, तेव्हा ते नॉर्वेला जाऊन आले. ते घ्यायला उभे राहिले झुलू मुखियाच्या पोशाखात. ख्रिस्ती झालो म्हणून जमात सोडली नाही, हे त्यांनी न बोलता सांगितलं. बक्षिसाच्या पैशातून स्वाझिलंडमध्ये शेतजमीन घेतली, घरदार सोडून आलेल्या आपल्या लोकांसाठी.

पण आपल्या देशात त्यांना एक एकरही परत मिळालेली दिसली नाही. पुढे कायदा असा केला की त्यांचा शब्द छापणंही गुन्हा झाला. आणि बक्षीस घेऊन ते परतले त्याच सुमाराला, 16 डिसेंबर 1961 ला, मंडेला आणि साथींनी सरकारी ठिकाणांवर स्फोटांनी लढाई सुरू केली. लुथुलींचा मार्ग तो नव्हता. तरी 1964 साली मंडेला आणि साथींना जन्मठेप झाली, तेव्हा लुथुलींनी त्यांना दोष दिला नाही. उलट जाहीर सांगितलं की शांततेचे सगळे रस्ते सरकारने बंद केले, मग शूर माणसं दुसऱ्या रस्त्याने गेली तर त्यांना नावं ठेवता येत नाहीत. स्वतःचा मार्ग सोडला नाही आणि आपल्या माणसांनाही सोडलं नाही. हे फार अवघड आहे. आपण तर नुसता आवाज चढला नाही म्हणून आपल्याच दादांना बाजारात ढिला म्हणतो.

1967 च्या 21 जुलैला लुथुली गेले. गावाजवळच्या रेल्वेपुलावर मालगाडीची धडक बसली, असं सरकारने सांगितलं. सरकारने अपघात लिहिला. घरच्यांना तो कधी पटला नाही.

मग 1994 साली सगळ्यांनी मतदान केलं, मंडेला राष्ट्रपती झाले, आणि त्याच वर्षी जमिनी परत करण्याचा कायदा झाला. 19 जून 1913 नंतर वर्णभेदी कायद्यांनी ज्यांची जमीन गेली त्यांना दावा लावायची मुभा तेव्हा मिळाली. 1913 ते 1994, म्हणजे 81 वर्षं. आपल्या राज्यात असा कायदा 1974 सालापासून आहे. 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात आदिवासीची जी जमीन बिगर आदिवासीकडे गेली ती परत द्यायची म्हणून. कायदा झाला म्हणून जमीन आपोआप आली का? आपण तलाठ्याच्या दारात बसलो, तारखांना गेलो, पीकपाहणी लावून घेतली, तेव्हा आली. तिथल्या लोकांनाही आता तेच करायचं आहे. हे वर्षानुवर्षांचं काम आहे, आणि असं काम तापलेल्या डोक्याने होत नाही. ताप चार दिवसांत उतरतो.

आता आपलं

तडीपारीची नोटीस म्हणजे हुकूम नव्हे. महाराष्ट्र पोलिस कायद्यात आधी म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. हुकूम झालाच तर तो दोन वर्षांपर्यंत असू शकतो आणि त्याच्यावर 30 दिवसांत राज्य सरकारकडे अपील करता येतं. नोटिशीत काय लिहितात? या माणसामुळे लोक घाबरतात, साक्ष द्यायला कुणी पुढे येत नाही. याला उत्तर म्हणजे प्रांतसाहेबांसमोर लोकांनीच जाऊन सांगायचं, आम्ही घाबरत नाही, हे आमचे आहेत. त्या दिवशी आपल्यातल्या एकाने जरी कचेरीवर दगड मारला, तरी नोटिशीतलं खोटं आपण आपल्या हाताने खरं करून देऊ. ते त्याचीच वाट बघत आहेत.

म्हणून माझी मागणी दादांकडे नाही, आपल्याकडे आहे. चार कामं ठरवू या.

एक, प्रत्येक पाड्याने पाच माणसं, त्यात दोन बाया, सुनावणीच्या दिवसासाठी आत्ताच नावानिशी ठरवावीत. आयत्या वेळी मजुरीचं कारण नको. गाडीभाड्याची वर्गणी आधी जमा करावी.

दोन, तिन्ही कार्यकर्त्यांच्या रानात पेरणी आणि लावणी पाड्याने करून द्यावी. ते तालुक्यात असोत नसोत. राब भाजून तयार आहे, पाऊस कुणासाठी थांबत नाही.

तीन, या तिघांची कामं सहा जणांनी आजच वाटून शिकून घ्यावीत. दाव्यांच्या फायली कुठे आहेत, कुणाची तारीख कधी आहे, वर्गणीचा हिशोब कसा लिहायचा. लुथुलींना घरी डांबलं की काँग्रेसचा आवाज बंद होईल असं सरकारला वाटत होतं. आपल्याबद्दल तसं कुणाला वाटू देऊ नका.

चार, बैठकीत कुणी हळू बोललं म्हणून त्याला भित्रा म्हणायचं नाही. जोरात बोललं म्हणून शूर म्हणायचं नाही. विचारायचं तर एवढंच विचारा, तुम्ही काय सोडणार नाही ते ठरवलं आहे का? दादांना मी हा प्रश्न विचारला. ते म्हणाले, "प्लॉट सोडणार नाही, आणि तुम्हाला सोडणार नाही. बाकी नोटिशीत काय लिहायचं ते लिहू दे."

आता हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारायचा आहे. पुढच्या बैठकीला येताना उत्तर घेऊन या, आणि पाच जणांची नावंही.

जिंदाबाद!